पोहायला जाताय? काठावर कोण बसणार ते आधी ठरवा

टॉवेल, चड्डी, चष्मा घ्या. प्यायलेल्या गड्याला घरीच ठेवा.

आता मुद्द्याचं. काठावर कोरडा बसणारा एक माणूस हवा, आणि तो घरातून निघतानाच नाव घेऊन ठरवा. 'असेल की कुणीतरी' म्हटलं की कुणीच नसतं. मागच्या वेळी आम्ही सगळेच पाण्यात, दोर गाडीच्या डिकीत, आणि एकाच्या पोटरीत गोळा आला. हाक नाही, काही नाही. आम्हाला वाटलं, गंमत करतोय. बुडणारा ओरडत नसतो. तोंड वर आलं की श्वास घ्यायचा का हाक मारायची?

बसणाऱ्याच्या हातात मोबाईल नको, दोर हवा. टोकाला हवा भरलेली ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधा. दोर फेकायचा, उडी मारायची नाही. बुडणारा मिठी मारतो आणि दोघंही जातात. अर्ध्या तासानं पाळी बदला, त्यालाही पोहायचंय.

जागा नीट बघा. पंचगंगेत पावसाळ्यात उतरायचंच नाही. एरवीही बंधाऱ्यापासून लांब. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्याआधी काढतात, नंतर पुन्हा घालतात, म्हणून त्याच जागेची खोली आणि ओढ वर्षभर सारखी राहत नाही. पाणी खाली पडतं तिथं तर ते माणसाला फिरवून पुन्हा आत ओढतं. 'लहानपणापासून हितंच पोहतोय' म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. तळ माहीत नसेल तर सूर मारू नका, मान मोडते. उघडी जखम असेल तर नदी-तळं नको, लेप्टोची, म्हणजे उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती असते.

आणि काठावर कोण बसलंय? बघा एकदा.

टँकवर जाणार असाल तर आधी अंग धुवा. डोळे चुरचुरतात ते नुसत्या क्लोरीननं नाही, त्यात मिसळलेल्या घामानं आणि लघवीनं. जुलाब झालेल्यानं जायचं नाही, थांबल्यावरही काही दिवस नाही. लेन्स काढा. भराभरा श्वास घेऊन पाण्याखाली दम धरायच्या पैजा बंद. कळायच्या आत शुद्ध जाते. जीवरक्षक असला तरी आपला माणूस काठावर हवाच. हवाच!

काही झालंच तर 108. श्वास बंद असेल तर तोंडानं श्वास आणि छातीवर दाब. पोट दाबून पाणी काढत बसू नका.

बाहेर आलात की मान कलती करून कानातलं पाणी काढा, काडी घालू नका. चड्डी बदला. ओल्या चड्डीवर मिसळ खायला गेलात तर जांघेत गजकर्ण होईल.