‘हे खाऊ नका’ असा मेसेज आला की पुढे पाठवायच्या आधी काय काय बघायचं

फॅमिली ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी असा एखादा मेसेज येतोच. कधी अंडी प्लास्टिकची, कधी तांदूळ, कधी अमुक डेअरीच्या दुधात डिटर्जंट, आणि खाली ‘सर्व ग्रुपवर पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल’. आपण वाचतो, पोटात धस्स होतं, खरं-खोटं कोण बघत बसणार म्हणून गप्प बसतो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर ती वस्तू घेत नाही. म्हणजे फॉरवर्ड केलं नाही तरी त्या मेसेजचं काम झालंच ना. ‘रिस्क कशाला’ असं म्हणून हजारो घरांनी एकाच आठवड्यात एखादी वस्तू बंद केली की काय होतं ते महाराष्ट्राने बघितलंय, म्हणून आधी तेच सांगते.

२०२० चा फेब्रुवारी आठवा. आपल्याकडे कोरोनाचे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, लॉकडाउनचं नावही नव्हतं, पण चिकन खाल्ल्याने कोरोना होतो हा मेसेज फोटोंसकट सगळीकडे पोचला होता. पशुसंवर्धन खातं सांगत होतं की काही संबंध नाही, एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणारी केंद्राची संस्था सांगत होती, कोणी ऐकेना. चिकनचा खप कोसळला आणि फार्मवरचा भाव इतका पडला की उत्पादन खर्चसुद्धा निघेना. आता यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास होते आणि तेव्हाच ती उचलली जावी लागते, नाही उचलली तर ती खात राहते, खाद्याचा खर्च रोज चढतो, आणि मागून पुढची पिल्लं यायची असतात पण शेड रिकामी नसते. त्यामुळे शेतकऱ्याला ‘थांबू या, अफवा विरेल’ असं म्हणताच येत नाही. काहींनी जिवंत कोंबड्या फुकट वाटल्या, काहींनी पिल्लं आणि अंडी नष्ट केली. खाद्यात मका आणि सोयाबीन जातं, म्हणजे त्या शेतकऱ्यालाही झळ बसली. यात चिकन न खाणाऱ्या प्रत्येक घराने फक्त स्वतःची काळजी घेतली होती, कोणाचा वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच मला वाटतं की तपासायची सवय आपल्यालाच लावून घ्यायला हवी.

तर मेसेज आला. सगळ्यात आधी वर बघा, दोन बाण आहेत का. दोन बाण म्हणजे तो मेसेज एकाकडून दुसऱ्याकडे असा पाच किंवा जास्त हातांतून आलाय, म्हणजे ज्याने तुम्हाला पाठवला त्यालाही मूळ कोणाचं ते माहीत नाही. असे मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२० पासून घातली. दोन बाण म्हणजे खोटंच असं नाही, पण ‘माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलंय’ यातला ‘माझ्या’ कोण ते कळायला मार्ग नाही एवढं नक्की.

मग मेसेजमधून चार गोष्टी शोधून काढायच्या: कुठली वस्तू, कुठल्या कंपनीची आणि कुठल्या बॅचची, कुठे सापडलं, कधी. आणि हे कोण म्हणतंय, त्याचं नाव-पद आहे का. खऱ्या कारवाईच्या बातमीत हे सगळं असतं, अन्न व औषध प्रशासनाने म्हणजे एफडीएने कुठे धाड टाकली तर गावाचं नाव, तारीख, किती किलो माल जप्त केला, किती रुपयांचा, सगळं येतं. अफवेत ‘नुकतंच’ असतं, ‘एका मोठ्या कंपनीत’ असतं, ‘शास्त्रज्ञांच्या मते’ असतं. निम्म्याहून जास्त मेसेज इथेच गळतात असा माझा अनुभव आहे, पुढे जायची गरजच पडत नाही.

व्हिडिओ असेल तर तो आवाज बंद करून बघा, हे फार उपयोगी पडतं कारण घाबरवण्याचं काम आवाज आणि म्युझिक करत असतं, चित्रात बरेचदा काहीच नसतं. दुकानावरची पाटी कुठल्या भाषेत आहे, गाडीची नंबर प्लेट कुठली, माणसं स्वेटर घालून आहेत आणि आपल्याकडे मे महिना चालू आहे का, हे बघा. स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समध्ये टाका, तोच फोटो चार वर्षांपूर्वी वेगळ्याच देशाच्या नावाने फिरलेला सापडतो कधी कधी. व्हॉइस नोटचं मात्र काही तपासता येत नाही, त्यामुळे व्हॉइस नोटवरून खरेदीचा निर्णय घ्यायचाच नाही हे माझं सरळ मत आहे.

आता तांदळाबद्दल जरा सविस्तर, कारण रेशनवर धान्य घेणाऱ्या घरांना याचा खरोखर त्रास झालाय. रेशनचा तांदूळ धुवायला पाण्यात टाकला की काही दाणे वर तरंगतात, रंगाने थोडे वेगळे, जरा पिवळट किंवा जास्तच पांढरे, हाताला गुळगुळीत लागतात. लगेच व्हिडिओ निघतो, प्लास्टिकचे तांदूळ. ते दाणे फोर्टिफाइड तांदळाचे असतात. तांदळाचं पीठ घेऊन त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळतात, मशीनमधून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि शंभर किलो तांदळात एक किलो या हिशोबाने मिसळतात. १५ ऑगस्ट २०२१ ला त्याची घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत रेशन, अंगणवाडी, शाळेचं जेवण सगळीकडे तोच तांदूळ द्यायचं ठरलं. दाणा पिठापासून केलेला असल्यामुळे तो वेगळा दिसतो, हलका असला तर तरंगतो. पण प्लास्टिक समजून ते दाणे वेचून टाकले की ज्यासाठी हा खटाटोप केला ते लोहच कचऱ्यात जातं.

घरी बघायचं असेल तर तरंगणारे चार-पाच दाणे बाजूला काढा आणि थोड्या पाण्यात शिजवा, प्लास्टिक असेल तर कितीही उकळलं तरी भातासारखं मऊ होऊन बोटाने चुरडणार नाही. अजून खात्री हवी तर दाणा भिजवून चुरडा, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका, निळा-काळा रंग आला म्हणजे त्यात स्टार्च आहे, प्लास्टिकवर तो रंग येत नाही. (ते दाणे मग खायचे नाहीत, टाकून द्या.) पोत्यावर एफ आणि अधिकचं चिन्ह असलेला लोगो असतो, रेशन दुकानदाराला पोतं दाखवायला सांगा.

यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. या तांदळाबद्दल एक खरा प्रश्न होता: सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार असलेल्या माणसाने लोह घातलेला तांदूळ खावा का, पाकिटावर तसा इशारा छापायचा नियमही होता आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांच्या घरच्यांनी डॉक्टरला विचारायला हवा असा प्रश्न हाच. पण फिरले काय तर प्लास्टिकचे व्हिडिओ, म्हणजे खोट्या भीतीने खरी शंका झाकून टाकली.

अंड्याचंही तसंच. कवचाच्या आतला पातळ पापुद्रा काढून जाळतात आणि म्हणतात बघा प्लास्टिकसारखं जळलं. तो पापुद्रा प्रोटीनचा असतो, प्रोटीन जळताना तसंच आक्रसतं आणि केस जळल्यासारखा वास येतो. अंडं जुनं झालं की आतला बलक पसरतो, चव बदलते, ते शिळं आहे म्हणून, बनावट आहे म्हणून नाही. प्लास्टिकचं अंडं हा प्रकारच नाही असं एफएसएसएआयने स्पष्ट सांगितलंय. भाताचा गोळा जमिनीवर आपटून उसळला तरी तो भातच, स्टार्च चिकट असतो. थोडक्यात जळलं, चिकटलं, उसळलं या गोष्टींवरून काही सिद्ध होत नाही.

मग घरी करण्यासारख्या खऱ्या टेस्ट आहेत का, तर आहेत. एफएसएसएआयने ‘डार्ट’ नावाची पुस्तिका काढलीय, त्यात दूध, तूप, हळद, मिरची पूड, मध अशा बऱ्याच वस्तूंच्या सोप्या टेस्ट आहेत. उदाहरणार्थ दूध आणि पाणी सारखंच घ्या, बाटलीत जोरात हलवा, डिटर्जंट असेल तर दाट फेस येतो, नुसत्या दुधाचा फेस अगदी पातळ थर असतो. फॉरवर्डमधली टेस्ट त्या पुस्तिकेत सापडते का बघा, नसेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका.

कधी कधी मेसेजसोबत लॅबचा रिपोर्ट असतो आणि मग आपण गारच पडतो. इथे मॅगीचं प्रकरण लक्षात ठेवा. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात बाराबंकीतून घेतलेल्या सँपलमध्ये शिसं १७.२ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १७.२ भाग) सापडल्याचा रिपोर्ट आला, मर्यादा होती २.५ पीपीएम. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने माल परत घ्यायला लावला, टीव्हीवर दिवसरात्र तेच. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि १३ ऑगस्टला कोर्टाने बंदी रद्द केली, कारण कंपनीची बाजू नीट ऐकली गेली नव्हती आणि ज्या लॅबच्या रिपोर्टवर बंदी टिकून होती त्या मान्यताप्राप्त नव्हत्या. मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथल्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये परत टेस्ट झाल्या, त्यात शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात आली. म्हणून रिपोर्ट दिसला की बघायचं, लॅबला एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का, सँपल कुठल्या बॅचचं, मर्यादा किती आणि सापडलं किती. फक्त ‘शिसं सापडलं’ याला अर्थ नाही, किती सापडलं ते पाहिजे.

याचा अर्थ व्हायरल ते सगळं खोटं असा मुळीच नाही. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या इन्फ्लुएन्सरने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला, कंपनीची लीगल नोटीस आल्यावर तो काढूनही टाकला, पण तोवर तो लाखो लोकांपर्यंत पोचला होता. पुढे कंपनीने साखर कमी केली आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ई-कॉमर्स साइट्सना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका असं सांगितलं. आता या व्हिडिओत आणि चिकनच्या मेसेजमध्ये फरक काय? साखरेचा आकडा डब्याच्या मागेच छापलेला होता. कोणालाही स्वयंपाकघरात जाऊन डबा उलटा करून बघता येत होतं. जो माणूस तुम्हाला म्हणतो ‘तुम्हीच बघा, इथे लिहिलंय’ त्याला वेळ द्या, जो म्हणतो ‘हे तुमच्यापासून लपवलंय’ त्याच्याकडे पुरावा मागा.

लेबल वाचायला जड नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे पहिल्या तिनात साखर असेल तर ती भरपूर आहे. आकडे १०० ग्रॅमचे बघा, ‘एका सर्व्हिंगचे’ बघितले की कमी वाटतं. पाच ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा धरा. आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असतोच, तो त्यांच्या साइटवर टाकून कंपनी खरी आहे का ते कळतं.

अजून एक, मेसेज किंवा रील शेवटपर्यंत बघा. सुरुवातीला ‘रिफाइंड तेल म्हणजे विष’ आणि शेवटी घाण्याच्या तेलाचा नंबर, असं असेल तर ती जाहिरात आहे हे समजून बघा. घाण्याचं तेल वाईट असं मी म्हणत नाही, पण भीती घालून विकणं बरोबर नाही. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन इन्फ्लुएन्सर काही सुचवत असेल तर ते ठळकपणे, लोकांना दिसेल असं सांगायलाच हवं असं केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, परत केलं तर ५० लाखांपर्यंत दंड आहे.

मेसेज खोटा निघाला तर ग्रुपवर काय लिहायचं हा अवघड भाग, कारण तो बहुतेक वेळा मामांनी किंवा मावशीने काळजीपोटीच पाठवलेला असतो. सगळ्यांसमोर ‘हे फेक आहे’ लिहिलं तर त्यांना वाईट वाटतं आणि ते पुढच्या वेळी तुमचं ऐकत नाहीत. त्यांना वेगळा मेसेज करा: ‘मामा, तो तांदळाचा व्हिडिओ बघितला. ते लोह घातलेले दाणे असतात, मी घरी शिजवून बघितले, मऊ होतात. तुम्हीच ग्रुपवर सांगाल का, तुमचं सगळे ऐकतात.’ मामांनी स्वतः दुरुस्ती केली की ती टिकते.

आणि खरंच काही खराब सापडलं तर ग्रुपवर टाकून थांबू नका. वस्तू फेकू नका, पाकीट, बिल, बॅच नंबर, तारीख यांचे फोटो काढा, उरलेला माल तसाच झाकून ठेवा. महाराष्ट्रात एफडीएचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे, ग्राहक म्हणून पैशांची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तुम्हाला स्वतःलाही टेस्ट करून घेता येते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे कोणीही ग्राहक फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो, फक्त खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी ही तपासायला देणार आहे. रिपोर्ट १४ दिवसांत द्यायचा असतो आणि वस्तूत खोट निघाली तर भरलेली फी परत मिळते.