क्लोंडाइकचे जुने नकाशे जिओरेफरन्स करायला घेताय? मग हे वाचा

पुण्यात जिऑग्राफी केली, मग मास्टर्सला कॅनडात गेले आणि थीसिसला तिथल्याच युकॉन भागातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या खाणींचे जुने नकाशे घेतले. वाटलेलं, जिओरेफरन्स करायचं म्हणजे जुना नकाशा आजच्या खऱ्या जागी बसवायचा, त्यात काय, स्कॅन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, चार पॉइंट द्यायचे, झालं! दीड महिना त्यातच गेला.

चूक सांगते. बोनान्झा क्रीक हा तिथला नाला नकाशावर एकदम ठसठशीत दिसतो, म्हणून मी त्याचीच वळणं कंट्रोल पॉइंट, म्हणजे जुन्या आणि आजच्या नकाशात जुळवायच्या खुणा, धरली. पण तिथे 1896 ला सोनं सापडलं, आधी लोकांनी हाताने खणलं, नंतर ड्रेज आले, म्हणजे तरंगते कारखानेच, नाल्याचं अख्खं पात्र उपसायचे आणि मागे गोट्यांचे ढीग टाकत पुढे जायचे, आणि क्लोंडाइकमध्ये हे 1966 पर्यंत चाललं. सॅटेलाइट इमेजवर ते ढीग गांडुळाने काढलेल्या मातीसारखे दिसतात. नकाशातला नाला आता तिथे नाहीच! त्यामुळे किंग सॉलोमन डोमसारखी शिखरं घ्या, डॉसन या तिथल्या गावाच्या रस्त्यांचे कोपरे घ्या, नाल्याच्या नादी लागू नका.

डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, तो पण बघा. जुन्या टोपोशीट (सरकारी नकाशे) नॅड 27 या डेटमवर, आजचा डेटा बहुतेक नॅड 83 वर, तिकडे फरक शंभरेक मीटरचा पडतो. आता एक क्लेम, म्हणजे एकाच्या नावावरचा खाणीचा तुकडा, नाल्याच्या लांबीने 500 फूट, म्हणजे दीडशे मीटर. डेटम चुकला की एकाचं सोनं शेजाऱ्याच्या नावावर 😅

तसं तेव्हाही होतच होतं म्हणा. लोकांनी दोरीने नाहीतर नुसत्या नजरेने क्लेम मोजलेले, मग आपल्याकडे बांधावरून होतात तशी भांडणं. विल्यम ओगिल्वी नावाच्या सरकारी सर्व्हेयरने 1897 मध्ये नीट मोजणी केली तर कुठे जास्तीची जागा निघाली, कुठे कमी. एका ठिकाणी 86 फुटांची चिंधी उरली, ती त्याच्याच मोजणीची साखळी धरणाऱ्या डिक लोवने जरा नाक मुरडतच घेतली आणि त्यातून लाखो डॉलरचं सोनं निघालं. असले तुकडे छोट्या स्केलच्या नकाशावर दिसतच नाहीत, त्यासाठी मूळ सर्व्हे प्लॅन आणि फील्डबुकं, म्हणजे सर्व्हेयरच्या जागेवरच्या नोंदवह्या, बघावी लागतात. कॅनडा लँड्स सर्व्हे रेकॉर्ड्समध्ये ऑनलाइन शोधता येतात, फुकट.

आणि हो, त्यात साखळी हे लांबीचं माप दिसलं की आपल्या गुंठ्यातली 33 फुटांची धरू नका, ती 66 ची असते. मी धरलेली.