शायेन सहलेखकाबरोबर कादंबरी लिहिताना या चुका टाळा

शायेन ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात. तिच्यातल्या, मॉन्टानातल्या किंवा ओक्लाहोमातल्या, एखाद्या माणसाबरोबर मिळून कादंबरी लिहायची, हा बेत कागदावर फार छान दिसतो. एकाकडे घराण्यातून आलेल्या गोष्टी, दुसऱ्याकडे कादंबरी रचण्याचा हात. तरीही अशी हस्तलिखितं फसतात, आणि ती माहिती कमी पडल्यामुळे क्वचितच फसतात. माहिती भरपूर असते. निर्णय कोणाच्या हातात, इथे सगळं अडतं. बाहेरच्या लेखकाने कथानक आधीच ठरवलेलं असतं आणि शायेन भागीदाराला तपशील तपासायला बसवलेलं असतं. खालच्या बहुतेक चुका याच एका मुळातून फुटलेल्या आहेत.

‘गोष्टी तुमच्या, लेखन माझं’

जॉर्ज बेंटचं उदाहरण घ्या. वडील विल्यम बेंट हे आर्कान्सा नदीकाठचे गोरे व्यापारी, आई आऊल वूमन शायेन. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोराडोतल्या सँड क्रीकच्या शायेन छावणीवर अमेरिकी सैन्य तुटून पडलं तेव्हा जॉर्ज छावणीतच होता. त्याला कमरेजवळ गोळी लागली. म्हातारपणी त्याने इतिहासकार जॉर्ज हाइड यांना वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. १९१८ मध्ये तो गेला. त्या पत्रांवरून हाइडनी रचलेलं पुस्तक छापून आलं १९६८ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. कुठली आठवण आधी, कुठली नंतर, काय गाळायचं, यातलं काहीही ठरवायला बेंट नव्हता.

त्याच्या उलट जॉन स्टँड्स इन टिंबर. हे उत्तरेकडचे शायेन. त्यांचे आजोबा लेम व्हाइट मॅन अमेरिकी सैन्याविरुद्धच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत पडले. जमातीतल्या वृद्धांकडून त्यांनी स्वतःच आयुष्यभर गोष्टी गोळा केल्या होत्या. मार्गो लिबर्टी या तिथे शिक्षिका म्हणून गेल्या आणि त्यांच्याबरोबर बसून काम केलं. १९६७ च्या पुस्तकावर स्टँड्स इन टिंबर यांचं नाव आधी आहे. ही दोन्ही पुस्तकं आठवणींची आहेत, कादंबऱ्या नाहीत. पण सहलेखनाच्या दोन तऱ्हा त्यांत स्वच्छ दिसतात.

तुमची जोडी कुठल्या तऱ्हेची, हे ओळखायचं असेल तर एवढंच बघा: भागीदाराच्या म्हणण्यावरून आजवर एखादं अख्खं प्रकरण रद्द झालंय का? नुसतेच घोड्यांचे रंग, टीपीचे (शंकूच्या आकाराच्या तंबूचे) खांब आणि मोकासिनची (कातडी पादत्राणांची) शिवण बदलली असेल, तर तुमच्याकडे सहलेखक नाही, तपासनीस आहे. अशा वेळी पुढची प्रकरणं लिहीत बसू नका. आराखड्याकडे परत जा आणि ‘ही गोष्ट कुठे सुरू होते’ हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारा. उत्तर बऱ्याचदा तुमच्या पहिल्या प्रकरणाच्या कितीतरी आधीचं निघतं.

बेंट घराण्याचा मोह

सँड क्रीकच्या हल्ल्यात जॉर्ज छावणीत, भाऊ चार्ल्सही छावणीत, आणि तिसरा भाऊ रॉबर्ट याला सैन्याने धाकदपटशाने वाटाड्या म्हणून बरोबर घेतलेलं. एकाच घरातली मुलं दोन्ही बाजूंना. कादंबरीकाराला याहून काय हवं! म्हणूनच या विषयावर लिहायला बसलेल्या बाहेरच्या लेखकाचा नायक हमखास मिश्र रक्ताचा होतो, दोन जगांमधला पूल होतो, आणि बाकीचे शायेन त्याच्या मागे पडद्यासारखे उभे राहतात. नायक मिश्र रक्ताचा असू नये असं नाही. पण तो गोऱ्या वाचकाच्या सोयीसाठी तसा झालाय का, हे तपासा. एक प्रकरण त्याच्या शायेन मावशीच्या नजरेतून लिहून बघा. ते लिहिताच येत नसेल, तर अजून अभ्यास बाकी आहे.

कोणते शायेन, कधीचे?

इथे थोडक्यात सांगता येईल. आज उत्तरेकडचे शायेन मॉन्टानात, लेम डिअर हे त्यांचं मुख्य गाव. दक्षिणेकडचे ओक्लाहोमात, अरापाहो जमातीबरोबर एकत्र शासन चालवतात, कार्यालय कॉन्चोला. आठवणी वेगळ्या, घराणी वेगळी, दुःखंही वेगळी. मॉन्टानातल्या बस्बी गावच्या माणसाला ओक्लाहोमातल्या वॉशिटा नदीवर सैन्याने केलेल्या हल्ल्यात सापडलेल्या घराण्यांची खडान्‌खडा माहिती असेल असं धरून चालू नका, आणि एका भागीदाराच्या होकाराला अख्ख्या जमातीची परवानगी समजू नका. काळाचंही तसंच. मैदानात येण्याआधी हे लोक पूर्वेकडे नदीकाठी मातीच्या घरांत राहून मका पिकवत होते. घोड्यावर स्वार, रानगव्यामागे धावणारा शायेन हे चित्र खरं आहे, पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचं. १६५० सालच्या प्रकरणात घोडा आला की जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

सगळ्यांना हुकूम सोडणारा ‘सरदार’

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण तिच्यामुळे कथानकाचा कणाच वाकडा होतो. मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून वाढलेला लेखक या वाटेला गेला तर त्याच्या हातून ती अगदी सहज होईल: एक थोर सरदार, त्याचा दरबार, त्याचा शब्द अखेरचा.

शायेनांमध्ये चव्वेचाळीस जणांची परिषद होती, मुदत दहा वर्षांची. हे शांततेचे प्रमुख. त्यांनी रागावर ताबा ठेवायचा, गरिबांना द्यायचं, भांडणं मिटवायची. तुझ्या टीपीसमोर तुझाच मुलगा मारला गेला तरी तू चिलीम ओढत बसायचं, अशी शिकवण. लढणाऱ्यांचे संघ निराळे: किट फॉक्स, एल्कहॉर्न स्क्रेपर्स, बोस्ट्रिंग, डॉग सोल्जर्स. छावणीच्या प्रवासात आणि सामुदायिक शिकारीत शिस्त राखायचं काम या संघांकडे असे. परिषद समजावू शकत होती, फर्मान काढू शकत नव्हती.

आता यांच्यातलाच एक शांततेचा प्रमुख, १८६४ चा ब्लॅक केटल बघा. सप्टेंबरमध्ये तो डेन्व्हरजवळ कॅम्प वेल्डला जाऊन कोलोराडोचे गव्हर्नर इव्हान्स यांच्याशी तहाबद्दल बोलला. त्याच सुमारास डॉग सोल्जर्स त्याचं ऐकायला तयार नव्हते. १८६१ च्या, जमीन सोडून देण्याच्या फोर्ट वाइजच्या तहावर शायेनांच्या बाजूने फक्त सहा प्रमुखांनी सह्या केल्या होत्या, आणि डॉग सोल्जर्सनी तो तह मानलाच नव्हता. सरकारला ‘एक जमात, एक राजा’ हवा होता म्हणून सगळा घोटाळा झाला. तुमच्या कादंबरीत ब्लॅक केटल योद्ध्यांना आज्ञा देतो आणि ते मुकाट्याने ऐकतात असा प्रसंग असेल, तर तुम्ही नकळत त्या सरकारचीच समजूत पुढे चालवताय. रोमन नोजला ‘चीफ’ म्हणणं हाही तोच प्रकार. तो नावाजलेला योद्धा होता, सप्टेंबर १८६८ मध्ये बीचर आयलंडच्या लढाईत पडला. परिषदेचा प्रमुख तो कधीच नव्हता.

दुरुस्ती केली की उलट नाट्य वाढतं. उत्तरेकडच्या शायेनांच्या लिटल वुल्फचं बघा. परिषदेतलं सर्वांत मानाचं स्थान त्याच्याकडे, शिवाय एल्कहॉर्न स्क्रेपर्सचं नेतृत्वही. दोन्ही एकाच माणसाकडे असणं विरळा. सप्टेंबर १८७८ मध्ये ओक्लाहोमातून उत्तरेकडे निघालेल्या लोकांना त्याने आणि डल नाइफ या दुसऱ्या प्रमुखाने सैन्याच्या हातावर तुरी देत नेब्रास्कापर्यंत नेलं, आणि पुढे त्याने आपला गट मॉन्टानात पोचवला. मग १८८० मध्ये दारूच्या नशेत त्याच्या हातून एक शायेन माणूस मारला गेला. जमातीतल्या माणसाचा खून म्हणजे हद्दपारी. त्याने ती स्वतःहून पत्करली आणि १९०४ मध्ये मरेपर्यंत मानाच्या जागी परत बसला नाही. बऱ्याच इंग्रजी ‘वेस्टर्न’ कादंबऱ्या त्याला १८७९ मध्येच सोडून देतात. माझ्या मते खरी कादंबरी तिथून पुढे सुरू होते.

नात्यांमध्ये आपलं घर घुसतं

शायेन तरुण लग्नानंतर बायकोच्या आईवडिलांच्या छावणीजवळ राहायला जाई. म्हणजे परक्या घरात बिचकत वावरणारा असायचा तो जावई. पण जावई आणि सासू यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, समोरासमोर यायचं नाही. ‘सासूबाईंनी जावयाला गरम रस्सा वाढत चार शब्द सुनावले’ असा प्रसंग कितीही खुलवा, तो खोटाच. मोठे झाल्यावर सख्खे भाऊबहीणही एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नसत. आदर अंतर राखूनच दाखवायचा. आईच्या बहिणीला आईच म्हणत, वडिलांच्या भावाला वडील. मेव्हण्यामेव्हण्यांत मात्र थट्टा इतकी दणदणीत की संवादातला सगळा विनोद तिथेच मिळतो. गंभीर, थोडकं बोलणारा, क्षितिजाकडे बघणारा शायेन लिहून कंटाळला असाल तर दोन मेव्हणे एका पानावर आणा.

हे नियम माहीत नसले की मोठे प्रसंगही निसटतात. १७ जून १८७६ रोजी अमेरिकी सैन्याशी झालेल्या रोजबडच्या लढाईत कम्स इन साइट या योद्ध्याचा घोडा पडला. त्याची बहीण बफेलो काफ रोड वूमन गोळीबारात घोडा घालून गेली आणि त्याला उचलून घेऊन आली. शायेन लोक ती लढाई ‘मुलीने भावाला वाचवलं’ अशीच ओळखतात. ज्या समाजात बहीण-भाऊ एकमेकांशी सहज बोलतही नाहीत, तिथे तो भाऊ तिच्यामागे घोड्यावर बसलाय. या प्रसंगात लांबलचक संवाद घालू नका. दोघांना गप्प ठेवा.

पवित्र वस्तूंच्या टीपीत कॅमेरा नेणं

शायेनांचा प्रेषित स्वीट मेडिसिन याने बेअर ब्यूट या डोंगरावरून आणलेले चार पवित्र बाण आणि शायेनांत मिसळून गेलेल्या सुताइओंची पवित्र टोपी या वस्तू आजही जमातीच्या राखणदारांकडे आहेत. त्यांचे विधी जुन्या मानववंशशास्त्रीय ग्रंथांमध्ये सविस्तर छापलेले सापडतात, आणि मग बाहेरचा लेखक म्हणतो, छापलंच आहे तर वापरायला काय हरकत? हरकत आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणी कुणाला काय सांगितलं याचा हिशेब तुमच्या भागीदाराला गावात द्यावा लागतो, तुम्हाला नाही. ‘हे नको’ असं त्यांनी म्हटलं तर कारण मागू नका. कारण सांगणं हेच कधीकधी गुपित फोडणं असतं.

लेखनाच्या दृष्टीने यात काही तोटा नाही. बाणांच्या विधीच्या वेळी बाकीच्यांनी आपापल्या टीपीत शांत बसायचं असे, आणि योद्ध्यांचा संघ बाहेर पहारा देई. मग कथा त्या टीपीत बसलेल्या आठ वर्षांच्या पोरासोबत ठेवा. खोकला दाबणारी आजी, बाहेर वाजणारी पावलं, भुकेने चुळबुळणारं पोर. एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

आकड्यांवरून भांडण

सँड क्रीकनंतर हल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्या कर्नल चिव्हिंग्टनने चारशे-पाचशे योद्धे मारल्याचं कळवलं. आज तिथलं राष्ट्रीय स्मारक २३० हून अधिक मृत्यू सांगतं, आणि त्यात बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. २७ नोव्हेंबर १८६८ च्या वॉशिटा हल्ल्यानंतर तिथला सेनाधिकारी कस्टर याचा आकडा १०३ योद्ध्यांचा. शायेनांकडून आलेले आकडे त्याहून बरेच कमी. त्या हल्ल्यात ब्लॅक केटल आणि त्याची बायको दोघंही मारले गेले. सहलेखक इथे अडकतात: एकजण लष्करी कागद धरून, दुसरा आजीने सांगितलेलं धरून. सोपा उपाय म्हणजे निवेदकाच्या तोंडी आकडा देऊच नका. आकडा पात्राला द्या. १०३ हे कस्टरने अहवालात लिहिताना दाखवा आणि नदीकाठी बायका आपली माणसं एकेक नावाने शोधताना दाखवा.

१८७९ ला पडदा पाडणं

९ जानेवारी १८७९, नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सनमध्ये सैन्याने कोंडलेले आणि बराकीतून कडाक्याच्या थंडीत निसटलेले डल नाइफचे लोक, बर्फावरचं रक्त, समाप्त. वाचक रडतो आणि समजतो की शायेन संपले. पण १८८४ मध्ये उत्तरेकडच्या शायेनांना मॉन्टानात टंग नदीकाठचा राखीव प्रदेश मिळाला. १९७० च्या दशकात याच लोकांनी कोळशाच्या खाणींचे करार रोखले, आणि १९७७ मध्ये आपल्या प्रदेशातल्या हवेला कायद्यातलं सर्वांत कडक संरक्षण मिळवलं. असं करणारी ती पहिली जमात. कोलोराडोचे सिनेटर बेन नाइटहॉर्स कॅम्बेल उत्तरेकडच्या शायेनांच्या परिषदेतले एक प्रमुखही होते. निदान शेवटच्या भागात कुणाला तरी लेम डिअरच्या दुकानात दूध आणायला पाठवा.

शब्द आणि नावं

भाषेचे शब्द मसाल्यासारखे भुरभुरवू नका. जुन्या मिशनरी कोशातलं लेखन आणि आजचं लेखन वेगळं आहे. दोघांनी मिळून एकच पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. डल नाइफला त्याचे लोक मॉर्निंग स्टार म्हणत, तेव्हा टीपीतल्या संवादात ‘डल नाइफ’ नको, लष्कराच्या तारेत हवा.

करार उशिरा करणं

मैत्री आहे, मग कागद कशाला, असं म्हणून हा विषय पुढे ढकलला जातो. अमेरिकेत वेगळा करार नसेल तर संयुक्त कृतीवर दोघांची मालकी समान धरली जाते, आणि एकजण दुसऱ्याला न विचारता एकाधिकार नसलेला परवाना देऊ शकतो. मिळालेल्या पैशातला वाटा तेवढा द्यावा लागतो. म्हणजे चित्रपटवाल्याला होकार देताना भागीदाराला विचारलंच पाहिजे, ही अट तुम्ही स्वतः घालायची आहे. हक्क शेवटच्या सहलेखकाच्या मृत्यूनंतर तिकडे सत्तर वर्षं राहतात, भारतात साठ; तेव्हा वारसांची नावंही आत्ताच लिहा. मानधनाची पहिली रक्कम गोष्टी सांगण्याच्या बैठकांपासून धरा, छपाईपासून नाही. आणि एक कलम खास यासाठी ठेवा: काम मध्येच मोडलं तर घराण्याच्या गोष्टी, ध्वनिमुद्रणं आणि वह्या शायेन भागीदाराकडे परत जातील, आणि त्यांवर बेतलेली प्रकरणं दुसऱ्या लेखकाला एकट्याच्या नावाने वापरता येणार नाहीत.