आरसिसलॉग बंद पडला? आधी रीस्टार्ट मारू नका

आरसिसलॉग म्हणजे लिनक्सवर सिस्टमचे लॉग (नोंदी) फाइलमध्ये लिहिणारी सर्व्हिस. लॉग यायचे थांबले की आपला हात पहिला रीस्टार्टवर जातो, सर्व्हिस उठली की आपण खुश, आणि रात्री २ वाजता परत तेच. त्यापेक्षा आधी बघा तो मेलाय की कुणी मारलाय. लॉगवालाच पडला तर बघणार कुठे? सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) असेल तर त्याचं जर्नल, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदी, वेगळं चालतं, आरसिसलॉग पडला तरी ते लिहीत असतं. जर्नलसीटीएल मायनस यू आरसिसलॉग मारा आणि शेवटच्या ओळी नीट वाचा.

'एक्झिटिंग ऑन सिग्नल १५' असेल तर कुणीतरी रीतसर थांबवलाय, पॅकेज अपडेट असेल, एखादी स्क्रिप्ट किंवा शेजारच्या टेबलावरचा भाऊ. हप (फाइल परत उघड असं सांगणारा सिग्नल) दिसलं तर घाबरू नका, लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइल बाजूला करणारा प्रोग्राम) फाइल बदलल्यावर ते देतोच. सिग्नल ९ (जबरदस्तीने मारणं) असेल तर मात्र ओओएम किलरवर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) संशय घ्या, जर्नलसीटीएल मायनस के मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. मेमरी का संपते? रिमोट लॉग सर्व्हर बंद असतो आणि क्यूची (पाठवायच्या मेसेजच्या रांगेची) साइज कुणीतरी उगाच अवाढव्य करून ठेवलेली असते, मग मेसेज रॅममध्ये साचत जातात. अशा वेळी कॉन्फिगमध्ये क्यूला फाइलनेम द्या म्हणजे गर्दी झाली की डिस्कवर उतरेल, आणि मॅक्सडिस्कस्पेस पण द्या, नाहीतर डिस्क भरेल.

डिस्कवरून आठवलं. व्हार (लॉग जिथे असतात ते फोल्डर) भरलं की सर्व्हिस बऱ्याचदा ॲक्टिव्हच दिसते पण लॉग येत नाहीत. डीएफ मायनस एच बघा, तिथे जागा दिसली तर मायनस आय पण बघा, आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी डिस्कवरची नोंद) संपलेले असू शकतात. मी एकदा मोठी लॉग फाइल आरएमने उडवली आणि जागा काही सुटेना, अर्धा तास डोकं खाजवलं, फाइल आरसिसलॉगने उघडी धरलेली होती! हप दिल्यावर सुटली.

कॉन्फिग बदलला असेल तर आरसिसलॉगडी मायनस मोठा एन आणि १ लावून तपासा. चुकीच्या ओळीवरही तो बऱ्याचदा चालू होतो, फक्त तेवढं काम गुपचूप होत नाही, म्हणून हे जास्त फसवं. आणि सर्व्हिस १० सेकंदात ५ वेळा सुरू करून झाली की सिस्टमडी पुढचा स्टार्ट नाकारतो (डिफॉल्ट तसंच आहे), तेव्हा कारण दुरुस्त करून सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड मारा, मग स्टार्ट.

शेवटी लॉगर कमांडने एक टेस्ट मेसेज टाका, उबुंटूवर सिसलॉग फाइलमध्ये आणि रेडहॅटवाल्यांवर मेसेजेसमध्ये दिसायला पाहिजे.