बास्केटबॉलमधला सेंटर खरंच भारी आहे का, हे बॉक्स स्कोअरवरून (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यावरून) कसं ओळखायचं

"ज्याची फील्ड गोल टक्केवारी जास्त तो सेंटर भारी" असं सांगणारा कोणी भेटला की मला अजून डोकं धरावंसं वाटतं. (सेंटर म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, आणि ही टक्केवारी म्हणजे फ्री थ्रो सोडून मारलेल्या शॉटपैकी किती पडले.) डिअँड्रे जॉर्डन २०१२-१३ पासून सलग पाच सीझन एनबीएमध्ये या टक्केवारीत पहिला होता, आणि त्या पाच वर्षांत त्याची टीम क्लिपर्स एकदाही कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे लीगच्या सेमीफायनलपर्यंत, पोचली नाही. तेव्हा तो कॉलम आधी झाकून टाका.

पायरी १. तीन आकडे लिहून घ्या: पॉइंट, किती शॉट मारले, किती फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) मारले. मारले म्हणजे पडलेले आणि चुकलेले सगळे. थ्री पॉइंटर वेगळे मोजायची गरज नाही, ते पॉइंटमध्ये आलेच.

पायरी २. आता ट्रू शूटिंग काढा, म्हणजे शॉट आणि फ्री थ्रो दोन्ही धरून नेमबाजी किती टक्के वसूल झाली ते. इथेच सगळे घसरतात, मीपण घसरलोय, त्यामुळे इथे जरा बसू.

फ्री थ्रोच्या आकड्याला ०.४४ ने गुणा, त्यात शॉट मिळवा, आलेल्या उत्तराची दुप्पट करा, आणि त्याने पॉइंटना भागा. बस एवढंच. पण हे ०.४४ कुठून आलं ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण मी गेलो होतो. शॉट मारताना साधा फाउल झाला की दोन फ्री थ्रो मिळतात आणि एक पझेशन (टीमची बॉल ताब्यात असण्याची एक पाळी) संपतं, म्हणजे एका फ्री थ्रोमागे अर्धं पझेशन. पण शॉट पडला आणि वर फाउलपण मिळाला तर तो जादाचा फ्री थ्रो वेगळं पझेशन खात नाही, टेक्निकलचा (गैरवर्तनासारख्या फाउलचा) फ्री थ्रो तर फुकटच, आणि थ्री मारताना फाउल झाला तर एकाच पझेशनमध्ये तीन. म्हणून ०.५ पेक्षा थोडं कमी.

आता उदाहरण घ्या, ९ जून २०००, लेकर्स विरुद्ध इंडियाना पेसर्स, फायनल्सची दुसरी मॅच. लेकर्सचा कोबी ब्रायंट पहिल्याच क्वार्टरला घोटा दुखावून बाहेर, आणि पेसर्सनी ठरवलं की लेकर्सचा सेंटर शॅक (शकील ओ'नील), ज्याला फ्री थ्रो जमत नाहीत, त्याला फाउल करत राहायचं. त्याने ३९ फ्री थ्रो मारले, पडले फक्त १८. शॉट १८ पैकी ११. एकूण ४० पॉइंट.

मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा ३९ च्या ३९ फ्री थ्रो सरळ शॉटमध्ये मिळवले. उत्तर आलं ३५ टक्के. ते मित्रांच्या ग्रुपवर टाकून दोन दिवस शॅक कसा ओव्हररेटेड आहे यावर भांडत बसलो, तिसऱ्या दिवशी एकाने शांतपणे विचारलं, "अरे, मग लेकर्स १११-१०४ जिंकले कसे?" गप्प बसलो. नीट केलं तर ३९ गुणिले ०.४४ म्हणजे १७.१६, अधिक १८ म्हणजे ३५.१६, दुप्पट ७०.३२, आणि ४० भागिले ते म्हणजे जवळपास ५७ टक्के. अर्ध्याहून जास्त फ्री थ्रो घालवूनसुद्धा! आणि उलटी चूकही करू नका, म्हणजे फ्री थ्रो सोडून नुसते ६१ टक्के बघणं. ते २१ रिकामे फ्री थ्रो टीमलाच भोगावे लागतात ना. (टीव्हीवर ६१ च दाखवतात, तो भाग वेगळा.)

पायरी ३. त्या सीझनच्या लीग सरासरीशी ताडून बघा. २००० मध्ये ती ५२ च्या आसपास होती, आता ५८ च्या आसपास आहे, त्यामुळे शॅकचे ५७ आज कोणी केले तर काही विशेष नाही, तेव्हा होते.

पायरी ४. ओझं बघा, म्हणजे टीमचं किती काम त्याच्यावर आहे ते. जॉर्डनने २०१४-१५ मध्ये ७१ टक्के शॉट पाडले खरे, पण मॅचला मारायचा साडेसहाच, त्यातले बरेचसे दुसऱ्याने वर फेकलेला बॉल रिंगमध्ये कोंबायचा. निकोला योकिच २०२२-२३ मध्ये मॅचला पंधराएक शॉट मारून, वर जवळपास १० असिस्ट (ज्या पासवर दुसऱ्याने बास्केट केलं ते) देऊन ७० टक्के ट्रू शूटिंगवर होता, आणि डेन्व्हरने त्याच वर्षी टायटल घेतलं. दोघांना एका यादीत बसवणं म्हणजे वाढप्याची आणि आचाऱ्याची तुलना. गंमत म्हणजे त्या डेन्व्हरच्या बेंचवर जॉर्डनच होता.

पायरी ५. शेवटची काही मिनिटं तो कोर्टवर असतो का बघा. फ्री थ्रो न जमणाऱ्याला कोच क्लोज मॅचमध्ये बसवतो. शेवटच्या दोन मिनिटांत बॉलपासून लांब मुद्दाम फाउल केला तर एक फ्री थ्रो आणि वर बॉलही परत मिळतो, २०१६-१७ पासून तर हे प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लागू आहे, म्हणजे त्या वेळात असा फाउल समोरच्या टीमला परवडत नाही, त्यामुळे खरी पंचाईत त्याच्या आधीच्या मिनिटांत होते.

आता एक तुम्ही करा. यानिस आंटेटोकुम्पो, २० जुलै २०२१, फायनल्सची सहावी मॅच: ५० पॉइंट, २५ शॉट, १९ फ्री थ्रो, त्यातले १७ पडले, आणि हा तोच माणूस ज्याला फ्री थ्रोला वेळ लागतो म्हणून समोरचं पब्लिक मोठमोठ्याने आकडे मोजायचं. उत्तर ७५ च्या जवळ आलं पाहिजे. ५७ च्या आसपास आलं तर ०.४४ विसरलात, परत वर जा.