लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’च असं नाही: तपासताना या चुका टाळा

लाल डोळा दिसला की हात आपसूक चिठ्ठीकडे जातो: अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचे मिश्र थेंब, दिवसातून चार वेळा. ओपीडीतली ही सर्वांत महागात पडणारी सवय, असं माझं मत.

आधी नजर मोजा. एकेका डोळ्याची, दुसरा तळहाताने नीट झाकून. बोटांच्या फटीतून रुग्ण खुशाल वाचतात. डोळे आले असतील तर चिपडं पुसून, पापण्या मिचकावल्यावर नजर बहुधा पूर्ववत असते. ती कमीच राहिली, डोळा ठणकत असला किंवा उजेड सोसवत नसला, तर निदान बदला.

मग टॉर्च. लाली पापणीकडे जास्त आणि बुबुळाकडे विरळ होत गेली असेल तर साधा संसर्ग संभवतो. बुबुळाला वेढून जांभळट लाली असेल तर दुखणं खोलवर आहे. युव्हियायटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या थराची सूज) बाहुली लहान किंवा वेडीवाकडी दिसते. तीव्र काचबिंदूत, म्हणजे डोळ्यातला दाब अचानक वाढल्यावर, ती अर्धवट मोठी होऊन थिजते. हा रुग्ण डोकं धरून, उलट्या करत येतो आणि अर्धशिशी किंवा पित्त म्हणून इंजेक्शन घेऊन परत जातो. मिटलेल्या पापण्यांवरून दोन्ही डोळे बोटांनी हलके चाचपले असते, तर एक दगडासारखा लागला असता. (मार लागलेला डोळा मात्र दाबू नये.)

स्टेरॉइडआधी फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाची कागदी पट्टी लावून निळ्या उजेडात पाहा. फांद्या फुटल्यासारखी हिरवी रेघ चमकली तर तो हर्पीस विषाणूचा व्रण. नुसत्या स्टेरॉइडने लाली उतरते, रुग्ण खूश होतो आणि आत व्रण पसरतो. ॲलर्जीच्या मुलांत तर तीच बाटली महिनोन्‌महिने चालते. डोळ्यातला दाब गुपचूप वाढतो, मोतीबिंदूही होतो.

भूल देणारे थेंब तपासणीपुरतेच. घरी कधीही देऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याच्या दुखऱ्या डोळ्यावर पट्टी बांधू नका.

‘आधी नजर’ या नियमाला एक अपवाद आहे. चुना, ॲसिड किंवा फिनेल डोळ्यात गेलं असेल तर नजर मोजायचा तक्ता राहू द्या. पापणी उलटवून चुन्याचे कण काढा आणि किमान अर्धा तास सलाइनने धुवा. ते हाताशी नसेल तर नळाच्या पाण्याने. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी डोळ्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) बघा. तो 7 च्या आसपास टिकला नसेल तर पुन्हा धुवायला घ्या.