दवाखान्यात पाण्यातले जंतू मारायला यूव्ही (अतिनील प्रकाशाचा दिवा) बसवताय? मग हे बघून घ्या

दिवा लावला की झालं असं नसतं. 254 नॅनोमीटरचा प्रकाश जंतूंचा डीएनए बिघडवतो, पण पाणी गढूळ असेल तर जंतू कणांआड लपून सुटतात, म्हणून आधी 5 मायक्रॉनचा फिल्टर पाहिजेच. फ्लो मशीनवर लिहिलाय त्यापेक्षा जास्त सोडू नका, जंतूंना प्रकाशाचा डोस कमी पडतो.

खरी गोची क्वार्ट्झच्या नळीची, म्हणजे दिव्यावरच्या काचेसारख्या पारदर्शक नळीची. बोअरचं पाणी असलं की तिच्यावर क्षारांचा पांढरा थर चढतो, आत दिवा मस्त जळतोय आणि पाण्यापर्यंत प्रकाशच पोचत नाय! मेन स्विच बंद, पाणी बंद, प्रेशर सोडायचं, मग हातमोजे घालून नळी हळूच काढायची, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून मऊ कपड्यानं पुसायची, तारेची घासणी अजिबात नको. दिवा निळा दिसतोय म्हणून चालवत बसू नका, साधारण 9000 तासांनी, म्हणजे वर्षभरात बदलाच. जळता दिवा उघड्या डोळ्यांनी बघायचा नाही. जुन्यात पारा असतो, कचऱ्यात टाकू नका.

अजून एक, क्लोरीनसारखं यूव्हीचं पाण्यात मागे काही उरत नाही, त्यामुळे नंतर टाकीत साठवलं की परत जंतू वाढू शकतात. आणि डायलिसिसला मेलेल्या जंतूंचं एंडोटॉक्सिनही (त्यांच्यातून सुटणारं विष) चालत नाही, तिथं यूव्हीच्या नंतर अल्ट्राफिल्टर (एकदम बारीक गाळणी) हवाच.